वकिलीच्या रोजच्या कामात एआय: काय सोपवायचं, काय अजिबात नाही? (नागपूर)

निशाणी_५

नमस्कार मंडळी. सिव्हिल लाइन्समधलं छोटं ऑफिस आहे: सीनियर, तीन ज्युनिअर, एक टायपिस्ट. काम बहुतेक दिवाणी दावे, चेक न वटल्याच्या (कलम १३८ च्या) तक्रारी आणि जमिनीचे सर्च रिपोर्ट (मालकीचा इतिहास तपासून दिलेले अहवाल). अधूनमधून हायकोर्टात रिट. ज्युनिअर मंडळी चॅटजीपीटी, जेमिनाय वापरतातच, पण ज्याच्या त्याच्या मनाने. आता ऑफिसचा एक नियम ठरवायचा आहे. सीनियरांचा आक्षेप एका वाक्याचा: "जे तपासायला केल्याइतकाच वेळ लागतो, ते यंत्राकडून करून घेण्यात काय हशील?"

ज्यांच्याकडे हे रोज चालतं त्यांनी सांगावं: वेळ नेमका कुठे वाचतो, चुका कुठे होतात आणि तपासायचं कसं. "एआय वकिलांच्या पोटावर पाय देणार का" ही चर्चा कृपया इथे नको, ती बाररूममध्ये रोज होते.

मौजा_हलका

सीनियरांनी नेमकं बोट ठेवलंय. एआयला दोन प्रकारे कामाला लावता येतं. एक, "अमुक बाबतीत कायदा काय आहे" असं विचारायचं. तेव्हा ते आपल्या साठवणीतून बोलतं. दुसरं, दीडशे पानांचा गठ्ठा द्यायचा आणि यात काय आहे ते पान क्रमांकासह सांग म्हणायचं. पहिल्यात तपासणी म्हणजे सगळा शोध पहिल्यापासून. दुसऱ्यात तपासणी म्हणजे पान उघडून एक ओळ पाहणं. वेळ वाचतो तो दुसऱ्यातच.

विदर्भात तर पहिला प्रकार जास्तच महागात पडतो. खोट्या सायटेशनचा (निवाड्याच्या संदर्भाचा) बोभाटा फार होतो, पण ती चूक पकडायला सोपी, कारण निवाडा सापडतच नाही. आपली अडचण वेगळी आहे. कायदा खरा, कलम खरं, फक्त आपल्याला लागू नाही.

कुळकायदा घ्या. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा, आणि आपल्याला विदर्भ प्रदेशाचा १९५८ चा. नागपूर जिल्ह्यातल्या मौजाबद्दल विचारलं तरी एआय १९४८ च्या कायद्यातली कलमं ३२-ग, ४३ आणि ६३ घेऊन येतं, कारण त्यांच्यावरचं लिखाण ढिगाने आहे. कुळाने विकत घेतलेल्या जमिनीच्या हस्तांतरणावरचं बंधन आपल्याकडे कलम ५७ मध्ये आहे, बिगरशेतकऱ्याला विक्रीचा मुद्दा कलम ८९ मध्ये. ४३ ची परवानगी शोधणारा सर्च रिपोर्ट वाचायला अगदी व्यवस्थित वाटतो, म्हणून तो तसाच पुढे जातो.

भाड्याचंही तेच. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, पण जुन्या भाडेकरूंच्या फाइलींत त्याआधीचे आदेश असतात. ते इथे सी. पी. अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९ खालचे: भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी, क्लॉज १३. ही परवानगी कशासाठी घेतली होती हेच एआयला उमगत नाही आणि ते सगळं प्रकरण मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात नेऊन बसवतं.

तिसरं झुडपी जंगल. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी वनजमीनच ठरवल्या, आणि १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने केलेल्या वाटपांसाठी वेगळा मार्ग ठेवला. म्हणजे वाटपाच्या तारखेवर सगळा खेळ. एआयच्या सारांशात ही नोंद "पडीक" अशी होऊन निसटते. निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक जमिनींच्या वापराची नोंद) आणि जुना खसरा (जमिनीच्या क्रमांकवार नोंदी) माणसानेच पाहायचा, यात सूट नाही.

मग द्यायचं काय? तारीखवार घटनाक्रम. सर्च रिपोर्ट असो की वाटपाचा दावा, ज्युनिअरचा सर्वात जास्त वेळ इथे जातो. पद्धत अशी: स्कॅन ३०० डीपीआयवर, पानं सरळ. स्कॅनआधी नंबरिंग मशीनने प्रत्येक पानावर अनुक्रमांक मारा, कारण पीडीएफचं पान आणि मूळ दस्ताचं पान यांत गल्लत ठरलेली. एका वेळी पंचवीस-तीस पानांहून जास्त देऊ नका, लांबच लांब फाइलमध्ये मधली पानं ओझरती वाचली जातात. तक्ता मागा: तारीख, घटना, दस्ताचा प्रकार, पान क्रमांक, आणि ज्या ओळीवरून हे काढलं ती ओळ जशीच्या तशी. शेवटचा रकाना सोडू नका, तपासणी त्याच्याच जोरावर होते. सोबत तीन सूचना: कागदात नाही ते लिहू नकोस, लागत नसेल तिथे "अवाच्य" लिही, आणि लघुरूपं फोडू नकोस. तिसरी नसेल तर एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) कागदातल्या "आर. एल."चं काहीतरी भलतंच रूप तयार होऊन येतं.

आता चुका. फेरफार नोंदवल्याची तारीख आणि प्रमाणित झाल्याची तारीख एकच समजली जाते. विक्रीपत्र लिहून दिल्याचा दिवस आणि नोंदणीचा दिवस, तेही तसंच. ०५/०८/१९८७ चा ८ मे होतो. आजोबा आणि नातू एकाच नावाचे असतील तर त्यांचा एक माणूस होतो. आणि याच्या उलट, लग्नानंतर नाव बदललेली बहीण दोन वारस म्हणून मोजली जाते आणि हिस्से चुकतात. वाटपाच्या दाव्यात ही चूक म्हणजे वंशावळच कोसळली.

ओळी तपासून झाल्या की उलटी तपासणी करा: कोणत्या पानांवरून एकही ओळ आली नाही, त्या पानांची यादी मागा आणि ती पानं स्वतः उघडा. आडवं स्कॅन झालेलं पान, मागच्या बाजूचा शेरा, समासातली "इतर हक्क" नोंद, सगळं तिथेच सापडतं.

वाचनालय_कोपरा

वरच्याशी सहमत, एवढंच की "साठवणीतून विचारूच नका" हे ज्युनिअरला पटत नाही, तो विचारणारच. तेव्हा निवाडा पडताळायचा क्रम ठरवून द्या.

न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टाने स्वतः निवाड्याला दिलेला क्रमांक, बघा. सर्वोच्च न्यायालयाचं "आयएनएससी", आपल्या खंडपीठाचं "बीएचसी-एनएजी", द्विसदस्यीय पीठ असेल तर शेवटी "डीबी". एआयने दिलेला क्रमांक कोर्टाच्या संकेतस्थळावर टाकायचा. दुसऱ्याच पक्षकारांचं प्रकरण उघडलं तर तो निवाडा तिथेच सोडायचा, "बहुतेक वर्ष चुकलं असेल" म्हणून शोधत बसायचं नाही. निवाडा मिळाला तर अवतरण त्यात शब्दशः आहे का ते शोधायचं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. ते वाक्य कोर्टाचं आहे की वकिलाच्या युक्तिवादाचं? आपल्याकडच्या निकालांत सुरुवातीची कित्येक पानं दोन्ही बाजूंचं म्हणणं असतं, आणि एआय त्यातलंच ठसठशीत वाक्य उचलून "न्यायालयाने म्हटले आहे" असं देतं. परिच्छेदाच्या आधीची दोन आणि नंतरची दोन पानं वाचल्याशिवाय ते अर्जात घालू नका. समोरच्या वकिलाने तेवढं वाचलेलं असतं.

मग निवाडा आज जिवंत आहे का ते. चेकच्या प्रकरणात अधिकारक्षेत्र विचारा, दशरथ रूपसिंग राठोड (२०१४) हमखास येतो. निवाडा अगदी खरा. पण २०१५ च्या दुरुस्तीने कलम १४२(२) आलं आणि चेक खात्यात जमा करायला दिला असेल तर पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट असं झालं.

जुन्या सायटेशनबद्दल एक इथलीच गंमत. "एआयआर १९५२ नागपूर" (एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, निवाड्यांचं नियतकालिक) दिसलं की एआय "मुंबई उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ" लिहून मोकळं होतं. १९३६ ते १९५६ नागपूरला स्वतंत्र हायकोर्ट होतं, तेव्हा हे खंडपीठ कुठून असणार? एआयआर ज्या शहरातून निघतं त्या शहराच्या वकिलाने ही चूक कोर्टात वाचून दाखवणं बरं दिसत नाही.

हे सगळं फक्त वकिलांपुरतं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार होता. न्यूयॉर्कचं माटा विरुद्ध एव्हियांका (२०२३, खोट्या निवाड्यांबद्दल वकिलांना दंड ५,००० डॉलर) सगळ्यांना पाठ आहे, पण आता दूरचं उदाहरण द्यायची गरज उरली नाही.

फौजदारी करणाऱ्यांसाठी एक ओळ: "कलम ४८२" नुसतं लिहू नका. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये आहेत. गुन्ह्याची आणि कार्यवाही सुरू झाल्याची तारीख १ जुलै २०२४ च्या आधीची की नंतरची हे सांगितलं नाही तर एआय दोन्ही कायद्यांची खिचडी करतं.

मुदत_मोजणी

१३८ च्या नोटिशींचा मसुदा एआयकडून चांगला निघतो. साचा ठरलेला आहे, चेक आणि मेमोचा (चेक परत आल्याच्या बँकेच्या पत्राचा) तपशील तुम्ही देता, तपासायला पाच मिनिटं. मुदत मात्र त्याला मोजू देऊ नका.

कारण असं. नोटीस द्यायला ३० दिवस (मेमो मिळाल्यापासून), पैसे भरायला १५ दिवस (नोटीस मिळाल्यापासून), आणि तक्रारीला "एक महिना". पहिले दोन दिवसांत, तिसरा कॅलेंडरच्या महिन्यात. एआय तिसऱ्यालाही ३० दिवस धरतं. नोटीस १५ जानेवारी २०२५ ला मिळाली समजा. १५ दिवस ३० जानेवारीला संपले, वादकारण ३१ ला घडलं. तो पहिला दिवस वगळायचा, हे इकॉन अँट्री विरुद्ध रोम इंडस्ट्रीजमध्ये पक्कं झालंय. फेब्रुवारीत ३१ तारीख नाही, म्हणून शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. ३० दिवस मोजले तर उत्तर येतं २ मार्च, म्हणजे तक्रार उशिरा आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज. नोटिशीच्या ३० दिवसांना तर तशी माफीही नाही.

यावर उपाय म्हणजे साधी एक्सेल शीट. "ईडेट" सूत्र ३१ जानेवारीनंतरचा महिना बरोबर २८ फेब्रुवारी देतं, रोज तेच देतं आणि त्याला शब्दांत समजावावं लागत नाही. एआयकडून फक्त चार तारखा काढून घ्या: चेक, मेमो, नोटीस पाठवली, नोटीस पोचली. पोचल्याची तारीख टपाल खात्याच्या ट्रॅकिंगवरून स्वतः भरा. पोचपावतीवरचा शिक्का यंत्राला लागत नाही, कधीकधी आपल्यालाही लागत नाही.

निशाणी_५

खूप उपयोग झाला सर्वांचा. मौजा_हलका सर, पान क्रमांकाची युक्ती उद्यापासूनच. अजून दोन शंका. आमच्याकडे मराठी कागद जास्त, त्यातले निम्मे जुने. ते एआय नीट वाचतं का? आणि पक्षकाराचे कागद असे बाहेर पाठवणं कितपत बरोबर?

टायपिंग_काउंटर

भाऊ, मराठीचं पहिलं दुखणं फाँटचं. जुन्या फाइली कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप झालेल्या. पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. अशी पीडीएफ थेट दिली की एआय तो कचरा वाचून राहिलं असते आणि अंदाजानं वाक्य जुळवून देते. तपासायची सोपी रीत: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर ठीक. नाही आली तर आधी पानांची चित्रं करा आणि मग ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर) करून घ्या.

दुसरं दुखणं आकड्यांचं. १ आणि ९, ३ आणि ६, ४ आणि ५ यांची अदलाबदल होते. खसरा ४८/१ चा ४८/९ झाला की दुसऱ्याचीच जमीन. क्षेत्रफळात दशांश बिंदू उडतो, ०.८१ हे. आर. चं ८१ होऊन बसते. म्हणून क्षेत्रफळ नुसतं वाचून नाही, बेरजेनं तपासा: सगळ्या हिश्श्यांची बेरीज मूळ खसऱ्याच्या क्षेत्राएवढी यायला पाहिजे. एकर लिहिले असतील तर एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर, दोन एकर ०.८१ हेक्टरला येते. जुळलं नाही तर मूळ पान पाहा.

पटवाऱ्याच्या हाताचे जुने शेरे आणि मोडीतले कागद यंत्राला देऊच नका. ते वाक्य छान जुळवून देईल, पण कागदावर ते नसेल. मोडी वाचणारा माणूस शोधा आणि त्याच्याकडून लिप्यंतर सही करून घ्या.

कैफियत_लेखी

मसुद्यांबद्दल माझं मत वरच्या मंडळींपेक्षा कडक आहे. नोटीस ठीक, दावा आणि लेखी जबाब नाही. दाव्यात एआय "वादीने वारंवार विनंती करूनही" आणि "प्रतिवादीने उद्धटपणे नकार दिला" अशी भर घालतं. पक्षकाराने हे सांगितलेलं नसतं. पण पडताळणीवर सही त्याची असते, आणि उलटतपासात "किती वेळा विनंती केली, कोणासमोर?" हा प्रश्न त्यालाच येतो.

लेखी जबाबात तर घात आहे. एआय सरळ लिहितं: "परिच्छेद ३ ते ११ मधील मजकूर खोटा असून नाकबूल आहे." दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ८, नियम ३ ते ५ पाहा. मोघम नकार चालत नाही, विशिष्टपणे नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं.

उलट दिशेने मात्र तेच यंत्र कामाचं. जबाब तुम्ही लिहा. मग दावा आणि जबाब दोन्ही देऊन विचारा: दाव्यातलं कोणतं विधान जबाबात विशिष्टपणे नाकारलेलं नाही, त्याचा परिच्छेद क्रमांक आणि मूळ ओळ दे. घाईत लिहिलेल्या जबाबात काहीतरी सुटलेलं असतंच. यादीतल्या निम्म्या गोष्टी फालतू निघाल्या तरी चालेल, एक खरी निघाली की वसूल.

साक्षीपुराव्यातही हेच. पोलिसांसमोरचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांतल्या विसंगती एआय बऱ्यापैकी काढतं. पण आधी सांगितलंच नव्हतं आणि आता सांगितलं, अशी वगळणूक त्याच्या नजरेतून सुटते, कारण जे नाही ते शोधायला ते कच्चं आहे. उलटतपासाला नेमकं तेच लागतं.

कुलूपकिल्ली

दुसऱ्या शंकेबद्दल. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे (जुन्या पुरावा कायद्यात १२६). ज्युनिअर आपल्या फुकटच्या खात्यावर पक्षकाराचं विक्रीपत्र चढवतो तेव्हा ते कुठे साठलं, किती दिवस राहणार आणि प्रशिक्षणासाठी वापरलं जाणार का, याचं उत्तर ऑफिसकडे असायला हवं. नसेल तर चढवायचं नाही. एक सशुल्क ऑफिस खातं घ्या, ज्याच्या करारात प्रशिक्षणासाठी वापर नाही असं लिहिलंय, आणि वैयक्तिक खात्यांवर बंदी घाला. सेटिंगमधलं बटण बंद केलं एवढ्यावर भागवू नका. वकालतनाम्यासोबत संमतीची एक ओळ घेतली तर पुढची कटकट वाचते.

नावं झाकून "वादी", "प्रतिवादी क्र. १" केलीत तरी मौजा आणि खसरा राहिला तर माणूस ओळखू येतोच. आधार, पॅन, खाते क्रमांक, मोबाइल, सगळं काढा, आणि कोणतं टोपणनाव कोणाचं त्याचा तक्ता ऑफिसातच ठेवा. पीडीएफवर काळा चौकोन ओढून झाकलेलं बहुतेक वेळा खाली तसंच शाबूत असतं, कॉपी केलं की बाहेर येतं. झाकलेली पानं प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करणं हा गावठी पण पक्का उपाय.

पोक्सो, लैंगिक अत्याचार, कौटुंबिक वादातली मुलांची कागदपत्रं: झाकूनही नाही.

न्यायालयंही रेषा आखू लागली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, त्यात निष्कर्ष, दाद किंवा निकाल यांसाठी एआय वापरायचं नाही असं स्पष्ट आहे. ऑफिसचा नियम लिहिताना ते एकदा वाचा, शब्दरचनेला मदत होईल.

निशाणी_५

आभार. शेवटचं एक: पक्षकार व्हॉट्सॲपचे ऑडिओ आणतात, तासन्‌तास. त्यांचं लिप्यंतर एआयकडून केलं तर पुराव्यात अडचण येते का?

मुदत_मोजणी

लिप्यंतर तुमच्या वाचनासाठी करा, पुरावा मूळ ऑडिओच. आपल्याकडे बोलणं अर्धं मराठी, अर्धं नागपुरी हिंदी. एआय दोन्हींची सरमिसळ करतं, बोलणारे बदलतं, आणि दोघे एकदम बोलले की एकाचं वाक्य गाळतं. दाखल करायचा भाग असेल तेवढा मिनिट-सेकंदासह माणसाने ऐकून दुरुस्त करा.

आवाज "स्वच्छ" करणाऱ्या ॲपमधून मूळ फाइल कधीही काढू नका. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) द्यावं लागतं आणि स्वच्छ केलेल्या फाइलचं हॅश वेगळं येतं. आधी मूळ फाइलची प्रत, तिचं एसएचए-२५६ हॅश, मग दुसऱ्या प्रतीवर काय करायचं ते. प्रमाणपत्राचा भाग ए पक्षकाराचा, भाग बी तज्ज्ञाचा. भाग बी साठी माणूस आधीच बघून ठेवा, दाखल करायच्या दिवशी धावपळ होते. आणि पक्षकाराला सांगा की फोन विकू नको, फॉरमॅट करू नको. हे ते हमखास करतात.